खुला बाजार आणि बंद साचेखातं



२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारताच्या मालावर ५० टक्के जकात लावली आणि एका रात्रीत सगळे स्वदेशी झाले. ज्यांच्या पायात परदेशी बूट, हातात परदेशी मोबाइल, पोरगं शिकायला परदेशात, ते आम्हाला सांगायला लागले की बाबांनो, देशाचाच माल घ्या. त्यांचं मला नवल वाटत नाही. नवल वाटलं ते आपल्या पोरांचं. आपल्यातल्या काही मंडळांनीही फलकावर खडूनं लिहिलं : विदेशी मालावर बहिष्कार. बहिष्कार! ज्यांच्या बापजाद्यांनी गावाचा बहिष्कार सोसला, पाणी बंद, दळण बंद, दुकान बंद, त्यांच्या पोरांना हा शब्द इतका गोड कसा लागला?

दुसरीकडं आपल्यातच आणखी एक पंथ निघालाय. तो म्हणतो, बाजाराला जात नसते. पैसा टाका, माल उचला, आडनाव कोण विचारतो? सगळी दारं उघडा, जग आत येऊ द्या, आपण आपोआप सुटू. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचं चेंबर निघालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपला माणूस मालक झाला तर मला आनंदच आहे. पण शंभरात एक मालक होतो आणि नव्याण्णव पाळीवर जातात. मी त्या नव्याण्णवांतला आहे.

मी इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात सायडर आहे. धागा तुटला की सांधायचा. आठ तास हेच. शिक्षण दहावी. बाकीचं शिक्षण सहा डिसेंबरला दादरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर आणि रात्रपाळीच्या सुट्टीत झालं. मी काढलेलं सूत बांगलादेशाला जातं, तिथं त्याचं कापड होतं, कापडाचा शर्ट होतो, शर्ट युरोप-अमेरिकेत जातो. म्हणून आंतरराष्ट्रीय व्यापार हा माझ्यासाठी पेपरातला अग्रलेख नाही. तो माझ्या बोटांतून जातो. आणि म्हणूनच मला या दोघांशीही भांडायचंय.

१

आधी स्वदेशीवाल्यांशी.

बंद बाजार म्हणजे काय हे आपल्याइतकं या देशात कुणाला ठाऊक आहे? गाव! स्वयंपूर्ण गाव! पुस्तकात त्याची किती आरती! बाहेरचं काही नको, आतलं काही बाहेर जायला नको. आणि त्या गावात महार, मांग, चांभार काय खात होते? बलुतं. खळ्यावर उरलंसुरलं, शिळी भाकर, मेलेलं ढोर. कामाचा भाव कोण ठरवणार? ज्याच्या दारात उभं राहायचं तोच. दुसरं गिऱ्हाईक नाही, दुसरा बाजार नाही, म्हणून घासाघीस नाही. चांभारानं चप्पल नेऊन परगावी विकतो म्हणावं तर तंगडं मोडायचे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत या गावाचे वाभाडे काढले ते उगाच नाही. गावगाड्याला बाहेरचं वारं लागू न देणं हीच जातीची तटबंदी होती.

ही कोंडी कुणी फोडली? रेल्वेनं, गोदीनं, पलटणीनं, गिरणीनं. आणि गिरणी कशावर उभी राहिली? परदेशी व्यापारावर. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशात मुंबई फुगली. पुढं मुंबईच्या गिरण्यांचं सूत जहाजं भरभरून चीनला जायला लागलं. कोकणातला, घाटावरचा आपला माणूस वेस ओलांडून त्या गिरण्यांत शिरला आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातात रोख पगार पडला. रोख पैसा म्हणजे काय हे ज्याला बलुतं माहीत नाही त्याला कळायचं नाही. रोख पैशावर दात्याचं नाव नसतं. तो घेऊन कुठल्याही दुकानात जाता येतं.

आणि विचार? ते तर सगळ्यात मोठी आयात! जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असं लिहून ठेवणारे कोण होते, आणि कार्ल्याच्या लेण्यात दान देणारे यवन व्यापारी कोण होते, याचा एकदा विचार करा. सोपाऱ्याचं बंदर, घाटातल्या वाटा, त्या वाटांवरची बुद्ध लेणी. धम्म व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर चालत गेला. दारं बंद करा ही मनूची आरोळी आहे, बुद्धाची नव्हे. आपण कुणाच्या आवाजात आवाज मिसळतोय ते तरी बघा.

२

पण थांबा. बाजारवाल्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. आता त्यांची पाळी.

गिरणीनं आपल्याला गावातून बाहेर काढलं खरं. पण गिरणीच्या आत काय झालं? मुंबईच्या गिरण्यांत विणकामाचं खातं, म्हणजे साचेखातं, आपल्या माणसाला बंद होतं. जास्त पगार तिथंच. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं टोक तोंडानं ओढून धोट्याच्या भोकातून काढावं लागायचं. ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला मराठा तोंड कसं लावणार? झालं. दार बंद. पिढ्यान् पिढ्या बंद.

आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. सूत जहाजात बसून चीनला जातंय, हजारो मैल, त्याला कुणी अडवत नाही. आणि ते सूत काढणारा माणूस रिंग खात्यातून शेजारच्या साचेखात्यात जाऊ शकत नाही. मधे एक भिंत. मालाला समुद्र उघडा आणि माणसाला दरवाजा बंद. हा तुमचा खुला व्यापार!

१९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. लाल बावट्याचे पुढारी दुनियेतल्या कामगारांना एक करायला निघाले होते. बाबासाहेबांचा प्रश्न साधा होता : साचेखातं अस्पृश्य कामगारांना खुलं करा ही मागणी तुमच्या यादीत का नाही? पुढाऱ्यांनी ती नाइलाजानं घेतली. दहा वर्षांनी, १९३८ ला, मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी दोन शत्रूंची नावं घेतली, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण ती दोन नावं भाषणात रोज घेतो. पण व्यापाराचा प्रश्न आला की काहीजण पहिलं नाव विसरतात आणि काहीजण दुसरं.

माझा सगळा मुद्दा इथंच आहे. व्यापार किती खुला आहे हे बंदरावर मोजू नका. गिरणीच्या आत मोजा. शेताच्या बांधावर मोजा. मालाबरोबर माणसाला किती वाट मिळाली ते मोजा.

३

स्वदेशीवाले म्हणतील, परदेशी मालानं आमच्या गिरण्या बुडाल्या, गिरणगाव उजाड झालं. साफ खोटं!

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. तेव्हा या देशात परदेशी कापडाला दार जवळजवळ बंदच होतं. लायसन्स, परवाना, कोटा. म्हणजे स्वदेशीवाल्यांना हवं तसं कुंपण चांगलं उंच होतं. त्या कुंपणाच्या आत गिरणीमालकानं काय केलं? जुनी यंत्रं तशीच रेटली, नफा दुसऱ्या धंद्यात नेला, कापड भिवंडीच्या मागावर काढून घेतलं, जिथं युनियन नाही, हजेरीपट नाही. आणि शेवटी त्याला कळलं की कापडापेक्षा जमीन जास्त पिकते. गिरणीच्या जागेवर टॉवर आणि मॉल आले. यात मँचेस्टरचा हात नव्हता, चीनचा नव्हता. देशी मालक, देशी सरकार, देशी बिल्डर. कुंपण कामगारासाठी असतं असं ज्याला वाटतं त्यानं लालबाग-परळला जाऊन वर मान करून बघावं.

आणखी एक गोष्ट. आपल्या मोर्च्यांत एक शब्द रुळलाय : खाउजा. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. तीन वेगळ्या गोष्टी एका तोबऱ्यात. हा शब्द आता फोडायला हवा. सरकारी कारखाना विकला, त्यातल्या राखीव जागा गेल्या, हे ‘खा’ चं काम. त्यानं खरंच खाल्लं. पालिकेत सफाईच्या कायम नोकऱ्या मोडून ठेकेदार आणला, तो चीननं आणला का? तो इथल्याच सभागृहात हात वर करून आणला. हे सगळं आपण ‘जा’ च्या नावावर टाकतो आणि घरचा चोर सुटतो. आपल्याला राखीव जागांसाठी लढायचंय, खाजगी कारखान्यातसुद्धा राखीव जागा मागायच्यात. त्यासाठी अमेरिकन कापडाची होळी कशाला? होळीत जळालेल्या कापडाची राख नोकरी देत नाही.

४

आता न्यायाचं बघू. खुला व्यापार न्यायाचा आहे असं जे पुस्तकी पंडित सांगतात त्यांना विचारा, खुला कधी होता?

इंग्लंडचं कापड कच्चं होतं तेव्हा त्यांनी १७०० आणि १७२१ साली कायदे करून हिंदी छापील कापड बंद केलं. यंत्रं आली, लँकेशायर दांडगं झालं, आणि मग त्यांना खुल्या व्यापाराचा साक्षात्कार झाला. १८८२ साली इथला कापडावरचा आयातकर काढून टाकला. पुढं तिजोरी रिकामी झाली म्हणून तो परत लावला, तर लँकेशायरचं पोट दुखू नये म्हणून १८९६ साली मुंबईच्या गिरणीच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के, कर बसवला. तो उठायला १९२६ उजाडलं.

ही इंग्रजाची गोष्ट. आता अमेरिकेची. १९७४ ते २००४, तीस वर्षं, श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या कापडाला कोटा लावून ठेवला. तोंडानं खुला व्यापार, हातात कुलूप. आणि कापूस? अमेरिकेतल्या मोठ्या बागायतदाराला सरकार पैसा देतं, त्यामुळं जगात कापसाचा भाव पडतो. ब्राझीलनं २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला. मग अमेरिकेनं काय केलं? अनुदान बंद केलं नाही. २०१० साली ब्राझीललाच वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, की घ्या आणि गप्प बसा! पाटलानं बांध कोरावा आणि शेजाऱ्याला दरवर्षी पोतंभर ज्वारी देऊन तोंड बंद करावं, तसं. आणि बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली, हे आफ्रिकेतले चार गरीब देश २००३ पासून हीच तक्रार घेऊन त्याच दारात उभे राहिले. ब्राझील बळकट, म्हणून त्याला पोतं मिळालं. या चौघांच्या हाती काय पडलं? ठराव आणि आश्वासनं.

म्हणजे खुल्या व्यापाराचा दोष तो खुला आहे हा नाही. बळकटाला हवं तेव्हा खुला आणि हवं तेव्हा बंद, हा आहे. गावची विहीरही तशीच होती. पाणी सगळ्यांचं, रहाट त्यांच्या हातात. आपण महाडला विहिरी बुजवा म्हणून गेलो नव्हतो. पाणवठा आमचाही आहे म्हणून गेलो होतो. जगाच्या बाजाराबद्दलही आपली भूमिका चवदार तळ्याचीच पाहिजे.

५

पण देश देश काय करताय? देशाला फायदा झाला म्हणजे कुणाला झाला? हा प्रश्न बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी विचारलाय आणि आपण तो वाचलेला नाही. आपल्याला घटनाकार बाबासाहेब पाठ आहेत. १९२३ साली लंडनला रुपयाच्या प्रश्नावर पुस्तक छापणारे बाबासाहेब आपल्या फोटोत नाहीत. ते पुस्तक सरकारनं काढलेल्या इंग्रजी खंडांपैकी सहाव्यात आहे. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन सहा महिने वाचलं. सगळं कळलं असं म्हणत नाही. पण एक गोष्ट कळली ती हाडात शिरली.

त्या काळी गिरणीमालक आणि व्यापारी ओरडत होते की रुपया स्वस्त करा, निर्यात वाढेल, देश श्रीमंत होईल. बाबासाहेबांनी तो हिशेब उलटा धरून झटकला. रुपया स्वस्त झाला की बाहेर माल विकणाऱ्याला जास्त रुपये मिळतात, हे खरं. पण ते येतात कुठून? इथं वस्तूंचे भाव चढतात आणि मजुरी मागं राहते. मजुरी जागच्या जागी आणि मीठमिरची महाग, म्हणजे मजूर आधीपेक्षा स्वस्तात राबतोय. निर्यातदाराची ती कमाई परक्याकडून आलेली नसते. ती आपल्याच देशातल्या मजुराच्या ताटातून काढलेली असते. देशाचा फायदा नाही तो. एका वर्गानं दुसऱ्याचा खिसा कापला, एवढंच.

२०२५ च्या डिसेंबरात डॉलर ९० रुपयांच्या वर गेला. पेपरात आलं, निर्यातदारांना दिलासा. मी माझ्या पगाराच्या चिठ्ठीकडं बघितलं. आकडा तोच. तेलाचा डबा तो राहिला नव्हता. दिलासा कुणाच्या घरी गेला हे मला सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

आणि उलट बाजू बघा. ऑगस्टात जकात लागली, कपड्याच्या ऑर्डरी अडकल्या, तेव्हा आमच्या गिरणीत पहिला बळी कुणाचा? मालकाच्या गाडीचा नाही. ठेक्यावरच्या पोरांचा. रात्रपाळी बंद, उद्यापासून येऊ नका. त्यातले निम्म्याहून अधिक आपल्या वस्तीतले. ठेकेदाराच्या वहीत आपलीच नावं जास्त का असतात हे सांगायला नको. म्हणजे व्यापार वाढला तर पगार हलत नाही आणि व्यापार अडला तर माणूस हलतो. दर पुढं वर जावो नाहीतर खाली येवो, हे गणित तसंच राहतं. ते वॉशिंग्टनला बदलणार नाही. ते गिरणीच्या गेटवर बदलावं लागेल.

६

त्याच ऑगस्टात दिल्लीनं दुसरं एक काम केलं. २०२१ पासून बाहेरच्या कापसावर ११ टक्के आयातकर होता. तो १९ ऑगस्टपासून काढला आणि ३१ डिसेंबरपर्यंत काढलेला ठेवला. गिरणीमालक खूष : कापूस स्वस्त. कापूसवाला शेतकरी चिडला : ऐन हंगामात भाव पाडला. दोघांचंही आपापल्या परीनं बरोबर. टीव्हीवर दोघांची भांडणं झाली. पण वेचणीला जाणारी बाई कुठं होती त्या भांडणात? किलोवर मजुरी घेणारी, बोंडाच्या टोकानं बोटं फाडून घेणारी, बिनजमिनीची? कर लावला तेव्हा तिची मजुरी वाढली नव्हती. कर काढला तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. आणि मी, सूत काढणारा? मलाही नाही. आयातकर हा जमीनवाल्याचा आणि गिरणीवाल्याचा वाद. आपण दोन्हीकडं हजर आणि दोन्हीकडं नावाविना.

नावावरून आठवलं. २०२५ च्या जूनमध्ये इटलीत मिलानला प्रादा कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता. केवढी बोंब! आमची संस्कृती चोरली! आमच्या भागात तर गल्लोगल्ली चर्चा. बोंब बरोबरच होती. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि कंपनीला पुढं कबूल करावं लागलं की हे भारतीय कारागिरांचं आहे. पण ‘आमची’ म्हणजे कुणाची हो? ज्यानं कातडं कमावलं त्या ढोराची, ज्यानं चप्पल शिवली त्या चांभाराची. त्याला उंबऱ्याच्या आत कधी घेतलं होतं का, या संस्कृतीवाल्यांनी? २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्याही कत्तलीवर बंदी आली, कातड्याचा धंदा आवळला गेला, तेव्हा ही बोंब कुठं होती? २०१६ ला गुजरातेत उनाला मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांना नागडं करून फोडलं, तेव्हा कुणाची संस्कृती धोक्यात आली होती? चांभाराचा बाजार परदेशी कंपनीनं बंद केला नाही. तो इथल्या धर्मानं बंद केला. मिलानचं गिऱ्हाईक चांभाराला हवंच आहे. त्याला ते थेट हवंय, नावासकट, भावासकट.

७

मग मागायचं काय?

दोन गोष्टी समोर ठेवतो. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळ राणा प्लाझा. आठ मजली इमारत. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. तरी कपडे शिवणाऱ्या बायकांना दुसऱ्या दिवशी आत घातलं, ऑर्डर वेळेवर जायची होती. इमारत बसली. अकराशेहून जास्त माणसं मेली. शर्ट युरोप-अमेरिकेला जायचे. माझ्या हातासारख्याच कुणाच्या तरी हातचं सूत त्या ढिगाऱ्यात असेल.

स्वदेशीवाला म्हणेल, बघा खुला व्यापार. पण तिथल्या बायका काय म्हणाल्या? कारखाने बंद करा म्हणाल्या नाहीत. गावात नवऱ्याच्या, जमीनदाराच्या दारात परत जायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी मागितलं ते सुरक्षित जिने, युनियन आणि पगार. त्याच वर्षी कामगार संघटना आणि मोठ्या परदेशी कंपन्या यांच्यात करार झाला, कायद्यानं बांधणारा, की इमारती तपासायच्या आणि दुरुस्त करायच्या.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. तमिळनाडूत दिंडिगुल. २०२१ च्या जानेवारीत परदेशासाठी कपडे शिवणाऱ्या कारखान्यातल्या एका विशीतल्या दलित मुलीचा खून झाला. तिच्या सुपरवायझरला अटक झाली. तो तिला छळत होता हे तिच्या बरोबरच्या बायकांना ठाऊक होतं. त्याच तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची योजना चालायची : तीन वर्षं वसतिगृहात कोंडून राबा, शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे. मुली बऱ्याचशा आपल्याच. म्हणजे गिऱ्हाईक स्टॉकहोमचं आणि डांबून ठेवायची रीत सरंजामी. पण दिंडिगुलच्या बायका रडून घरी बसल्या नाहीत. तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन ही बायकांची, दलित बायकांच्या पुढारपणाची युनियन उभी राहिली. तिनं मालाची साखळी उलटी पकडली, थेट एच अँड एमच्या दारापर्यंत. २०२२ साली करार झाला : बायकांवरचा आणि जातीवरचा अत्याचार थांबवायचा, खात्याखात्यात कामगार बायकाच नजर ठेवणार, आणि कारखान्यानं करार मोडला तर परदेशी कंपनीनं धंद्यात त्याला दणका द्यायचा. जात हा शब्द त्या करारात आहे, मित्रांनो! गावच्या पंचायतीला, पोलीस ठाण्याला, मालकाला जो शब्द लिहायला लावता येत नाही, तो परदेशी गिऱ्हाइकाच्या करारात लिहून घेतला. बंद बाजारात हे जमलं असतं?

म्हणून सांगतो, ही साखळी तोडायची नाही. ती दोन्ही टोकांनी आपल्या हातात आली पाहिजे.

१९९६ साली सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेची परिषद झाली. कामगारांचे हक्क व्यापाराच्या नियमांत घालायचे का, हा वाद होता. भारत सरकार विरोधात उभं राहिलं : हा श्रीमंत देशांचा डाव आहे, आमचा माल अडवायचं निमित्त आहे. डाव होता हे मला मान्य. त्यांना आमचा पुळका कधीच नव्हता. पण डाव त्यांचा म्हणून आमचा हक्क खोटा होत नाही. इंग्रजानं आपल्याला पलटणीत घेतलं तेही आपल्या प्रेमापोटी नव्हतं. दार कुणी का उघडेना, आत पाय आपला पडला पाहिजे. दिल्लीनं ‘आमचा माल’ म्हटलं तेव्हा त्या ‘आमच्या’त आपण होतो का, एवढंच विचारायचं.

तेव्हा फलकावरचं ते वाक्य पुसा, आणि खडू हातात आहेच तर हे लिहा :

परदेशाशी जो करार होईल त्यात मजुरी, युनियनचा हक्क आणि जातीवरून भेदभाव बंद, ही तीन कलमं पाहिजेत, आणि मोडली तर शिक्षा पाहिजे.

निर्यातीचा माल करणाऱ्या प्रत्येक गिरणीत कायम, बदली आणि ठेक्यावरचे कामगार कुठल्या खात्यात किती, त्यात आपले किती, हे उघड झालं पाहिजे. साचेखातं आजही आहे, फक्त त्याचं नाव बदललंय. कुठं त्याला ऑफिस म्हणतात, कुठं क्वालिटी खातं, कुठं कायम नोकरी.

जकातीनं धंदा अडला तर कामगाराला बसल्या दिवसाचा पगार पाहिजे. सरकार निर्यातदाराला सवलत देतं, ती कामगार ठेवण्याच्या अटीवर द्यावी.

आणि एक काम ताबडतोबीचं. तुम्ही ज्या कारखान्यात आहात तिथला माल कुठं जातो ते शोधा. खोक्यावरचा पत्ता वाचा. गिऱ्हाइकाचं नाव उतरवून घ्या. आपल्या बापाला गावच्या पाटलापलीकडं कुणाचा पत्ता ठाऊक नव्हता. आपल्याला जगाचा पत्ता खोक्यावर छापून मिळतोय आणि आपण त्यावर चहाचा ग्लास ठेवतोय.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी याच पानांवर उत्तर द्यावं. शिव्या चालतील, पण हिशेबासकट.

जयभीम.